कार्ड आहे, पण उपचार कुठे मिळतील? महाराष्ट्रातील आरोग्य संरक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणी आजारी पडलं की गल्लीतले, गावाकडचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक मला फोन करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "आमचं योजनेत बसेल का?" हा प्रश्न अर्धाच आहे. नाव योजनेत बसणं वेगळं, तो आजार योजनेत बसणं वेगळं आणि ते उपचार करणारं रुग्णालय आपल्या आवाक्यात असणं आणखी वेगळं. या तिन्हींची गाठ पडली तरच माणसाला उपचार मिळतात. खालची उत्तरं तेवढ्यासाठीच लिहिली आहेत.

महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजना नेमकी कोणती? लोक दोन-तीन नावं घेतात.

नावं दोन आहेत, रुग्णालयातली खिडकी मात्र एकच. राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. म्हणून जुने लोक आजही 'जीवनदायी' म्हणतात, त्यात चूक काही नाही. केंद्राची आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, सप्टेंबर २०१८ मध्ये आली. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे दोन्ही एकत्र चालतात आणि त्यांचा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते.

आमचं रेशनकार्ड पांढरं आहे. आम्हाला काही मिळत नाही ना?

मिळतं. आधी फुले योजना पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती, आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना त्यात जागा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती चौकट मोडली. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या रहिवासी कुटुंबांना, कार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. त्याआधी फुले योजनेची मर्यादा दीड लाख होती. आश्रमशाळेतली मुलं, अनाथाश्रम आणि वृद्धाश्रमातले लोक, नोंदणी झालेले बांधकाम कामगार यांनाही योजनेत घेतलेलं आहे.

"आपण काही गरीब नाही, आपल्याला कोण देणार" म्हणून पांढरं कार्ड कपाटात ठेवून पॉलिसी मोडणारी, दागिने गहाण टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. निदान विचारून तरी पाहा. विचारायला पैसे पडत नाहीत.

५ लाख म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ५ लाख?

नाही. पूर्ण कुटुंबाला मिळून, वर्षाला. एकाच्या बायपासला दीड लाख गेले, तर उरलेले साडेतीन लाख बाकीच्यांसाठी. एकट्याने सगळे वापरले तरी चालतात.

यात कोणकोणते आजार येतात?

ही यादी ठरलेली असते. जुलै २०२४ मध्ये विस्तारित योजना लागू झाली तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. ती बदलत राहते, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका, आजची यादी विचारा. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस, मेंदूच्या शस्त्रक्रिया, भाजलेले रुग्ण, अपघात, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असा मोठ्या खर्चाचा भाग तिच्यात आहे.

जे बसत नाही तेही ऐकून ठेवा, कारण फसगत तिथेच होते. ताप आला, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या घेतल्या, रक्त तपासलं आणि घरी आलो, अशी बाह्यरुग्ण तपासणी यात नाही. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या नाहीत. योजनेचा गाभा भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांचा आहे. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यासाठी खासगी रुग्णालयात गेलात तर तिथे 'बसत नाही' असं सांगतील आणि ते खरंच असेल, पण सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला तोच उपचार बसेल. म्हणून 'बसत नाही' ऐकल्यावर पुढचा प्रश्न लगेच विचारा, "इथे बसत नाही की कुठेच बसत नाही?"

मग रोजच्या दुखण्याखुपण्याचं काय?

त्यासाठी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेसुद्धा घेत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, सगळीकडे तपासणी आणि उपचार मोफत. महापालिकेची रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात नव्हती. त्यामुळे केईएम, ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेयो आणि मेडिकल इथे शुल्क लागलं तर ती फसवणूक नव्हे, त्यांचे दर वेगळे आहेत. ते थोडे असतात.

रुग्णालयात गेल्यावर सगळ्यात आधी कुठे जायचं?

आरोग्यमित्राकडे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो आणि त्याचं टेबल दर्शनी भागात असायला हवं. तो कागद पाहतो आणि तुमची नोंद करतो. डॉक्टरांनी उपचार ठरवला की रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी कागद पाठवतं. मंजुरी आली की उपचार रोकड न भरता.

इथे एक प्रसंग सांगते. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी वडिलांना रात्री साडेअकराला छातीत दुखतंय म्हणून एका खासगी रुग्णालयात नेलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कॅश की मेडिक्लेम?" तिसरा पर्याय त्याने उच्चारलाच नाही. ताईंनी 'कॅश' म्हटलं, भावाकडून मागवून चाळीस हजार डिपॉझिट भरलं. सकाळी मी गेले तेव्हा त्याच खिडकीपासून दहा पावलांवर, कुंडीच्या मागे, योजनेचा फलक होता. आरोग्यमित्र नऊ वाजता आला, त्याने नोंद केली, दुपारपर्यंत अँजिओप्लास्टीला मंजुरी आली. पण रात्रीचे चाळीस हजार परत मिळवायला आम्हाला अकरा दिवस आणि एक लेखी तक्रार लागली, आणि ते मिळाले ते ताईंनी पावती जपून ठेवली होती म्हणून.

तेव्हा 'कॅश की मेडिक्लेम' असं विचारलं की उत्तर द्या, "योजना. फुले योजना." हे वाक्य पाठ करून ठेवा.

रात्री-अपरात्री, तातडीच्या वेळी मंजुरीसाठी थांबायचं का?

नाही. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. उपचार लगेच सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. आणि योजना असो वा नसो, जीव धोक्यात असलेल्या माणसाला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. अपघाताची, पोलीस केसची भीती दाखवूनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

गाडीसाठी १०८ फिरवा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि ती मोफत आहे. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४.

कोणते कागद लागतात?

रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, शक्यतो आधार. रेशनकार्डच नसेल तर तहसीलदारांचा दाखला किंवा अधिवासाचा दाखला. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर उत्तम. ते नसेल तर आशाताई, रेशन दुकान किंवा आपले सरकार सेवा केंद्रात विचारा.

नावांच्या चुका मात्र जीव खातात. आधारवर 'सुनीता', रेशनकार्डावर 'सुनिता'. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं, सासरच्या कार्डावर चढवलेलं नाही, म्हणजे ती दोन्हीकडे नाही. म्हातारी आई धाकट्याकडे राहते आणि नाव थोरल्याच्या कार्डावर, जो पुण्याला असतो. घरात कोणी आजारी नसताना एक संध्याकाळ सगळी कार्डं जमिनीवर पसरा आणि प्रत्येकाचं नाव, वय, स्पेलिंग जुळतंय का ते बघा. तहसील कचेरीच्या फेऱ्या आजारपणात मारण्यापेक्षा आधी मारलेल्या बऱ्या.

बाळ चार दिवसांचं आहे, त्याचं नाव कार्डावर कुठून असणार?

बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांसोबतचा फोटो आणि आईवडिलांचं कार्ड यांवर काम होतं. काचेच्या पेटीतलं बाळ नावासाठी थांबत नाही, आरोग्यमित्राला हे तिथल्या तिथे सांगा. बाळंतपणासाठी सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत आहे. मोठ्या मुलांच्या जन्मजात दोषांसाठी, विशेषतः हृदयाच्या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात. शिक्षकांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

आईचं वय ७३ आहे. तिच्यासाठी वेगळं काही?

हो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांसाठी वर्षाला आणखी ५ लाख, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. वय आधारवरून धरतात. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय (कामगार राज्य विमा) असलं तरी हे कार्ड घेता येतं. केंद्र सरकारी निवृत्तांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एक निवडावं लागतं.

योजनेतलं रुग्णालय आहे आणि तरीही पैसे मागतात. काय करू?

योजनेत मंजूर झालेल्या उपचाराच्या पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, भूल, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण हे सगळं धरलेलं आहे. "हे इंजेक्शन योजनेत नाही, बाहेरून आणा" किंवा "चांगल्या क्वालिटीचा स्टेंट हवा असेल तर वरचे पैसे भरा" असं कोणी म्हटलं तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "लिहून द्या." बऱ्याचदा तिथेच विषय मिटतो. नाही मिटला तर आरोग्यमित्र, मग योजनेचे जिल्हा समन्वयक, मग टोल फ्री क्रमांक १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मानसाठी १४५५५. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बाहेरून आणावंच लागलं तर पक्कं बिल घ्या, रुग्णाच्या नावाचं.

आमचा आजार योजनेत बसत नाही. खासगी रुग्णालय परवडत नाही. आता?

धर्मादाय रुग्णालयांकडे जा. याची माहिती फार कमी लोकांना आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना गरिबांसाठी खाटा राखाव्या लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना ठरवून दिली आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. खर्चासाठी रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बलासाठी ३ लाख ६० हजार आहे. यातली काही रुग्णालयं काचेच्या भिंतींची, पंचतारांकित दिसणारी आहेत. पायरी चढायला भीती वाटते, पण चढा.

आत गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवा. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने डिपॉझिट न मागता भरती करून घ्यायला हवं. 'खाटा भरल्यात' असं सांगितलं तर किती राखीव खाटा आहेत आणि आज किती रिकाम्या आहेत ते विचारा. तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येते.

इथेही भागलं नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे अर्ज करता येतो.

कंपनीत पगारातून ईएसआय कापतात. त्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि लोक त्याला फार कमी लेखतात. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. यात तुम्हाला आणि कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणीसुद्धा मिळते, जी फुले योजनेत नाही. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात ते वेगळेच. फक्त तुमचा विमा क्रमांक ठेकेदाराच्या वहीत न राहता तुमच्याकडे आहे ना, ते बघा.

एवढं सगळं असताना खासगी मेडिक्लेम कशाला घ्यायचा?

परवडत असेल तर घ्या. योजनेत रुग्णालय आणि उपचार दोन्ही यादीतलेच लागतात, पॉलिसीत निवड मोठी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. पण घेताना एजंटाच्या बोलण्यापेक्षा कागदातल्या तीन गोष्टी पाहा.

पहिली, आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचे पैसे मिळण्याआधी किती वर्षं थांबावं लागतं ते. तो आता जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा दिवसाला ३ हजार असताना ६ हजारांची खोली घेतली, तर फक्त खोलीचा फरक नव्हे, डॉक्टरांच्या फीसह बिलाच्या अनेक भागांत त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. दीड लाखाच्या बिलावर साठ-सत्तर हजार खिशातून गेलेले मी पाहिलेत, ते केवळ खोलीमुळे. तिसरी, अर्जातला आजारांचा रकाना. एजंट म्हणतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." लिहा. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, पण ती पाच वर्षं गाठण्याआधीच ॲडमिट व्हावं लागलं तर?

मेडिक्लेमचा दावा नाकारला. पुढे?

नाकारल्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कलमासह. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या वादात निर्णय देतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात जावं लागतं. विमा नियामकाचा तक्रारींसाठीचा 'बीमा भरोसा' क्रमांक १५५२५५. कॅशलेसच्या मंजुरीला एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांत उत्तर द्यावं असा २०२४ पासूनचा नियम आहे, टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेच्या) टेबलापाशी ताटकळताना तो आठवणीने सांगा.

आम्ही धारणीला राहतो. योजनेतलं मोठं रुग्णालय अमरावतीला. मग कार्डाचा काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. मेळघाट, गडचिरोलीचा भामरागड-एटापल्ली पट्टा, नंदुरबारचं धडगाव-अक्कलकुवा इथल्या माणसाकडे तेच ५ लाखांचं कार्ड आहे जे पुण्याच्या माणसाकडे आहे. पण योजनेतली मोठी खासगी रुग्णालयं शहरांभोवती दाटली आहेत. पुण्याच्या माणसाची रिक्षा अर्ध्या तासात पोचते, धडगावच्या माणसाला आधी गाडी शोधावी लागते, मग घाट, मग नंदुरबार, आणि तिथूनही पुढे नाशिक म्हणाले तर एका दिवसाची मजुरी नव्हे, आठवड्याची जाते. कागदावर दोघांचं संरक्षण सारखं, प्रत्यक्षात नाही. सरकारने आधी हे अंतर कमी करायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर हाताशी काय आहे ते सांगते. घरून थेट शहर गाठू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी घ्या. त्यांनी पाठवलेल्या रुग्णाला १०८ पुढच्या रुग्णालयात नेते, आणि गाडीभाडं वाचतं. निघण्याआधी १५५३८८ वर आजाराचं नाव सांगून विचारा, हा उपचार आत्ता कोणत्या रुग्णालयात होतो? 'योजनेत आहे' एवढं पुरत नाही, कारण रुग्णालय योजनेत असलं तरी हृदयाच्या विभागासाठी नसू शकतं. आणि सोबत जाणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची तजवीज करून निघा. योजना रुग्णाला जेवण देते, सोबतच्याला नाही.

बिहारहून आलेला मजूर इथे आजारी पडला तर?

त्याच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालतं, इथल्या आयुष्मानच्या रुग्णालयातही. रस्त्यावर अपघात झाला असेल तर राज्य, कार्ड, उत्पन्न काहीच पाहिलं जात नाही. केंद्राच्या २०२५ च्या योजनेखाली सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत रोकडरहित उपचार आहेत. जखमीला पोचवणाऱ्या माणसाला पोलीस अडकवू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्यातच तसं संरक्षण आहे.

सुट्टी होताना काय काय घेऊन निघायचं?

डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, फिल्म, सीडी. फुले योजनेत सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी धरलेली असते, म्हणून परत कधी यायचं ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. समाधानाच्या फॉर्मवर सही मागतील. वाचून, उपचार पूर्ण झाल्यावर आणि तुमच्याकडून पैसे घेतले असल्यास ते त्यात नमूद करूनच सही करा. कोऱ्या कागदावर नको. आणि हो, रुग्णालयातून घरापर्यंतचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं रुग्णाचं भाडंही योजनेत आहे. बहुतेक जण ते न मागताच बसमध्ये चढतात. मागून घ्या.